पासंग दिसतो, झिजलेलं वजन दिसत नाही

(धर्माबाद इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



विषयाचं नाव जरा जड वाटलं असेल: गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म बदल मोजणाऱ्या यंत्रांचं कॅलिब्रेशन किती टिकतं? तुम्ही म्हणाल, धर्माबादला येऊन हे काय सांगताय? पण मला तर वाटतं, हा विषय समजायला मिरचीच्या बाजारपेठेइतकं चांगलं गाव नाही. इथल्या माणसाला काटा काय असतो ते शिकवावं लागत नाही. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळतो. उसाच्या भागात ‘काटामारी’ म्हटलं की कुणाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. तर आज मी एका काट्याबद्दलच बोलणार आहे. फक्त त्याच्या पारड्यात पृथ्वी आहे.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. गुरुत्वाकर्षणामुळे वस्तू पडताना तिचा वेग दर सेकंदाला साधारण ९८० सेंटीमीटर प्रतिसेकंद इतका वाढतो. गॅलिलिओच्या नावावरून यातल्या १ सेंटीमीटर प्रतिसेकंद वर्गाला १ गॅल म्हणतात. म्हणजे आपल्याकडे ९८० गॅलच्या जवळपास. त्याचा हजारावा भाग मिलिगॅल, दहा लाखावा भाग मायक्रोगॅल. मायक्रोगॅल म्हणजे एकूण गुरुत्वाच्या साधारण अब्जावा हिस्सा. क्विंटलभर मिरचीच्या पोत्यात एका मिलिग्रॅमचा दहावा भाग कमी झाला, आणि तो आपल्या काट्यानं पकडला, तर ती एका मायक्रोगॅलची करामत. असे काटे आज आहेत, रोज वापरात आहेत. यात काही शंका नाही.

माझी तक्रार काट्याबद्दल नाही. तक्रार आहे ती काट्यावरचा आकडा वाचण्याच्या आपल्या सवयीबद्दल. यंत्राच्या पडद्यावर एका मायक्रोगॅलपर्यंतचा आकडा उमटतो, म्हणून मोजमापही एका मायक्रोगॅलपर्यंत खरं आहे असं धरून चालायचं, ही ती सवय. अहवालात आकडा येतो, नकाशात रंग येतो. पण हा काटा शेवटचा कधी तपासला, तेव्हापासून आजपर्यंत तो तसाच राहिला हे कशावरून, याचं एक वाक्यही बऱ्याचदा येत नाही. दुकानदाराच्या काट्याला वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो आणि त्याची मुदतही असते. पृथ्वीच्या काट्याला मात्र आपण मुदत विचारत नाही.

आता काटा दोन प्रकारे बिघडतो, हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पहिला प्रकार पासंगाचा. जुना ताजवा रिकामा धरला आणि एक पारडं खाली गेलं, तर दुसऱ्या पारड्यात खडा टाकून आपण तो बरोबर करायचो. तो खडा म्हणजे पासंग. ही शून्याची चूक. ती दिसते, कारण रिकामा ताजवाच ती बोलून दाखवतो. दुसरा प्रकार वजन झिजण्याचा. किलोचं वजन वापरून वापरून नऊशे नव्याण्णव ग्रॅमचं झालं. रिकामा ताजवा अगदी सरळ राहतो, पासंग लागत नाही, सगळं ठीक दिसतं. पण प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम जातो. ही चूक मालाबरोबर वाढते: पावशेरात कळत नाही, ट्रकभर मालात कळते.

गुरुत्वमापकाचंही नेमकं हेच आहे. शेतात नेता येणारं यंत्र आतून म्हणजे एका स्प्रिंगला टांगलेलं छोटं वजन. गुरुत्व वाढलं की स्प्रिंग किंचित ताणते, ते ताणणं मोजायचं. ल्युसिएन लाकोस्ट यांनी १९३० च्या दशकात ‘शून्य लांबीची स्प्रिंग’ ही कल्पना मांडली आणि त्यातून धातूच्या स्प्रिंगची उत्तम यंत्रं निघाली. पुढे क्वार्ट्झच्या स्प्रिंगची यंत्रंही आली. पण स्प्रिंग म्हणजे शेवटी पदार्थ. ती थकते, सैल होते, उष्णतेनं बदलते. म्हणून तिला कायम एका तापमानात ठेवतात. क्वार्ट्झच्या यंत्रात ही सरक, म्हणजे ज्याला ड्रिफ्ट म्हणतात ती, दिवसाला शेकडो मायक्रोगॅल असू शकते. हा झाला पासंग. यावर उपाय ठरलेला आहे: सकाळी एका ठरलेल्या जागी वाचन घ्यायचं, दिवसभर फिरायचं, संध्याकाळी परत त्याच जागी यायचं. फरक दिसला की तो दिवसभराच्या वाचनांत वाटून टाकायचा.

पण वजन झिजलं असेल तर? म्हणजे यंत्राचा एक ‘अंश’ काल जितक्या मिलिगॅलचा होता तितका आज नसेल तर? संध्याकाळी त्याच जागी परत आलात, वाचन तेच आलं, वही बंद केली, समाधान झालं. झिजलेलं वजन त्या वहीत कुठेच दिसणार नाही. ते दिसायला फरक आधीच पक्का माहीत असलेल्या दोन जागा लागतात आणि यंत्र त्या दोन्ही जागी पुन्हा पुन्हा न्यावं लागतं. म्हणून कॅलिब्रेशनच्या खास रेषा आखलेल्या असतात, बहुतेक घाटरस्त्यानं, कारण उंची बदलली की गुरुत्व भराभर बदलतं. स्प्रिंगच्या यंत्रांचा हा गुणक काही वर्षांत दहा हजारात एक, कधी त्याहून जास्त बदलल्याच्या नोंदी आहेत.

दहा हजारात एक! इतकं काय त्यात? म्हणून आता आपल्याच गावाचा हिशेब मांडू.

समजा धर्माबाद परिसरातलं भूजल गुरुत्वावरून मोजायचं आहे. जमिनीखाली एक मीटर जाडीचा निव्वळ पाण्याचा सपाट थर असेल तर गुरुत्वात साधारण ४२ मायक्रोगॅलचा फरक पडतो. पण आपल्या खडकात निव्वळ पाणी नसतं, भेगांत असतं. नांदेड जिल्ह्याच्या या पूर्व भागात काळा पाषाण संपतो आणि ग्रॅनाइट लागतो. दोन्हींत पाणी सुटून मिळण्याचं प्रमाण थोडंच. दोन टक्के धरू. म्हणजे विहिरीची पातळी एक मीटर खाली गेली तर गुरुत्वात फरक पडतो साधारण ०.८४ मायक्रोगॅल. उन्हाळ्यात पाच मीटर उतरली तर सव्वाचार मायक्रोगॅल. एवढा आपला सगळा माल.

आता यंत्र कशाशी ताडून बघायचं? पाणी बदलत नाही अशा एखाद्या उघड्या खडकावरच्या जागेशी. समजा ती जागा ३० किलोमीटर उत्तरेला आहे. आपल्या अक्षांशावर उत्तरेकडे दर किलोमीटरला गुरुत्व अर्धा मिलिगॅल वाढतं. म्हणजे दोन जागांत १५ मिलिगॅलचा, १५,००० मायक्रोगॅलचा फरक, तोही उंचीचा हिशेब न धरता. या वर्षीच्या आणि तीन वर्षांनंतरच्या मोजणीत यंत्राचा गुणक दहा हजारात एक इतका बदलला, तर खोटा फरक किती? दीड मायक्रोगॅल. विहिरीच्या भाषेत जवळजवळ पावणेदोन मीटर. म्हणजे विहीर जागच्या जागी आहे, आणि अहवाल म्हणतोय भूजल पावणेदोन मीटर घसरलं. किंवा वाढलं! कोणाच्या तरी जलसंधारणाच्या कामाला शाबासकी मिळाली आणि ती दिली एका म्हाताऱ्या स्प्रिंगनं.

हिशेब इथेच संपत नाही. आपल्या काळ्या मातीचं बघा. वरच्या एक मीटर मातीतला ओलावा दहा टक्क्यांनी बदलला, तर तो दहा सेंटीमीटर पाण्याइतका, म्हणजे पुन्हा सव्वाचार मायक्रोगॅल. विहिरीतल्या पाच मीटरइतका! शिवाय ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. यंत्र एक सेंटीमीटर वर उचललं गेलं तर तीन मायक्रोगॅल कमी होतात. म्हणून काळ्या मातीवर ओटा बांधून त्यावर यंत्र ठेवणाऱ्यानं आधी तो ओटा किती वरखाली होतो ते मोजावं. आणि चंद्र-सूर्याच्या ओढीनं दिवसाभरात शेकडो मायक्रोगॅलचा चढउतार होतो, हवेचा दाब एक हेक्टोपास्कल बदलला की साधारण एक तृतीयांश मायक्रोगॅल बदलतो. हे दोन्ही वजा करता येतात, नीट करता येतात. पण वजाबाकी करायला नोंदी लागतात.

नोंदींचा विषय निघालाच आहे तर स्वतःची एक गोष्ट सांगतो. कुठल्या कामावर, ते सोडून द्या. उमेदीची वर्षं होती, यंत्र जीपमध्ये मांडीवर घेऊन फिरायचो. एका खड्ड्यात जीप आदळली आणि पुढच्या ठिकाणी वाचनात ४० मायक्रोगॅलची उडी आली. ही उडी म्हणजे सरक नव्हे. सरक हळूहळू होते, उडी एका क्षणात. ती दिवसभर वाटून टाकणं चूक. मी वहीत तसं लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, ‘‘अरे, वाटून टाक, गोळाबेरीज जुळते ना?’’ मी वाटून टाकलं. पुढे मूळ वह्या रद्दीत गेल्या, राहिले ते फक्त अंतिम आकडे. ते आकडे आज कुणी आजच्या मोजणीशी ताडून ‘बदल’ काढत असेल, तर त्यात माझा तो खड्डासुद्धा आहे. यात दोष माझाही आहे, म्हणून सांगतोय.

हा प्रश्न जुना आहे. आपल्या भागापुरताच बोलायचं तर दीडशे वर्षं जुना. ७८ व्या रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर जाणारी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची मोठी कमान याच पट्ट्यातून गेली. ती मोजत आलेले विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्याच कमानीवर १८६० च्या दशकात कॅप्टन बसेवी यांनी लंबक घेऊन गुरुत्व मोजलं. त्यांच्या ठिकाणांच्या यादीत बिदरजवळचं दामरगिडा आहे, आणि १९ अंशांच्या किंचित वर असलेलं सोमठाणाही आहे. म्हणजे आपलाच मुलूख. रॉयल सोसायटीचे लंबक हिंदुस्थानात आणण्याआधी लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत मोजले होते. बसेवी १८७१ च्या जुलैत लडाखच्या थंडीत मोजणी करताना गेले. काम हेव्हिसाइड यांनी पूर्ण केलं आणि लंबक परत क्यूला नेऊन पुन्हा मोजले. वर्षानुवर्षांनी, हजारो मैलांनी, पण फेरी पूर्ण केली! पासंग तपासण्याची ही निष्ठा मला आजही नमस्कार करावीशी वाटते.

आणि तरीही चूक राहिली. लंबक डुलतो तेव्हा त्याचा आधारही किंचित डुलतो, हे १८७० च्या दशकात अमेरिकेच्या चार्ल्स पर्स यांनी ठासून दाखवलं. जुन्या कामात त्याचा हिशेब नव्हता. १९०३ पासून लेनॉक्स-कनिंगहॅम यांनी नव्या, छोट्या लंबकांनी पुन्हा मोजलं आणि जुने आकडे दुरुस्त करावे लागले. दुरुस्ती करता आली ती कशामुळे? आधीच्यांनी कुठे, कशानं, कसं मोजलं ते सगळं छापून ठेवलं होतं म्हणून.

याहून मोठं उदाहरण जर्मनीतल्या पॉट्सडॅमचं. १९०६ मध्ये तिथे जे मूल्य ठरलं, त्यावर साऱ्या जगाचे गुरुत्वाचे आकडे टांगले गेले. ते मूल्य १४ मिलिगॅलनी जास्त होतं. १९७१ ची आंतरराष्ट्रीय जाळी येईपर्यंत जगानं तो पासंग वागवला. पण गंमत बघा, त्यानं फरकांचं नुकसान झालं नाही. सगळ्यांच्या आकड्यांत तेच १४ होते, वजाबाकीत ते निघून गेले. स्थिर चूक माफ होते. बदलणारी चूक माफ होत नाही. बदल मोजायला निघालेल्या माणसानं ही एक ओळ कपाळावर लिहून घ्यावी.

आता आजच्या काळात येऊ, आणि सगळ्यात चमकदार काट्याकडे. ग्रेस नावाचे दोन उपग्रह मार्च २००२ मध्ये सोडले गेले. एकामागे एक, साधारण २२० किलोमीटर अंतरावर. खाली पाणी जास्त असेल तर पुढचा आधी ओढला जातो, मग मागचा. दोघांमधलं अंतर केसाहूनही बारीक हलतं आणि ते मोजलं जातं. या मोजणीवरून रॉडेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की राजस्थान, पंजाब, हरियाणा मिळून सहा वर्षांत सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल गेलं. मोठं काम, खरं काम. मी त्याच्यावर टीका करत नाही. त्यांनी क्षेत्र मोठं घेतलं आणि चुकीची मर्यादाही सांगितली.

टीका आहे ती यानंतर जे झालं त्यावर. या उपग्रहांची नजर साधारण ३०० किलोमीटरची. एक लाख चौरस किलोमीटरच्या खाली ती धूसर होते. सगळा मराठवाडा ६५ हजारांच्या आसपास. पण माहिती उतरवून घेतली की ती अर्ध्या अंशाच्या चौकटींत मिळते. मग कुणीतरी धर्माबादची चौकट उचलतो, आलेख काढतो आणि लिहितो, ‘तालुक्याचं भूजल इतकं घटलं’. ती चौकट कागदाची आहे, मोजमापाची नाही.

पडताळा घेऊ. आपला बाभळीचा बंधारा. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. क्षमता २.७४ टीएमसी, म्हणजे साधारण ७ कोटी ७६ लाख घनमीटर. बंधारा काठोकाठ भरला आणि ते पाणी उपग्रहाच्या १ लाख १० हजार चौरस किलोमीटरच्या नजरेवर पसरलं, तर थर किती? ०.७ मिलिमीटर. उपग्रहाची महिन्याची चूक एक-दोन सेंटीमीटरची. ज्या बंधाऱ्यासाठी दोन राज्यं न्यायालयात गेली, तो आख्खा बंधारा या काट्याला दिसत नाही. आणि आपण त्यातून तालुक्याच्या विहिरी बघायला निघालोय.

याशिवाय कॅलिब्रेशनचा प्रश्न आहेच. उपग्रहावर हवेचा घासही लागतो, तो वजा करायला त्वरणमापक असतो. पहिल्या जोडीतल्या एका उपग्रहाचा त्वरणमापक २०१६ च्या शेवटी बंद करावा लागला. दुसरी जोडी मे २०१८ मध्ये गेली, तिच्यातल्याही एकाचा थोड्याच दिवसांत बिघडला. तेव्हा चांगल्याचं वाचन सुमारे अर्ध्या मिनिटाच्या फरकानं दुसऱ्याला लावतात. दोघं त्याच वाटेनं जातात, म्हणून चालतं. हुशारीचा उपाय आहे आणि करणाऱ्यांनी तो लपवलेला नाही. पण दोन जोड्यांच्या मध्ये जवळजवळ वर्षभर कोणतंच मोजमाप नाही. जुना काटा आणि नवा काटा एकाच पोत्यावर कधी शेजारी शेजारी लागलेच नाहीत. वीस वर्षांची सलग रेघ काढणाऱ्यानं ही खिंड रेघेत दाखवली पाहिजे. आपल्याकडच्या किती आलेखांत ती दिसते, ते तुम्हीच बघा.

मग करायचं काय? नुसती टीका करून घरी जाणं बरं नव्हे. निर्वात नळीत आरसा खाली सोडून लेझर आणि अणुघड्याळानं त्याचं पडणं मोजणारी निरपेक्ष यंत्रं आहेत. त्यांत स्प्रिंग नाही. खात्री दोन मायक्रोगॅलच्या आसपास. तीसुद्धा १९८१ पासून २००९ पर्यंत पॅरिसजवळ सेव्र इथे एकत्र आणून एकमेकांशी ताडली गेली. सगळ्यात चांगल्या काट्यांनाही शेजार लागतो! दुसरी अतिवाहक यंत्रं: अतिथंडीत चुंबकीय क्षेत्रात तरंगणारा नायोबियमचा गोळा. त्यांचा गुणक वर्षानुवर्षं टिकतो, सरक वर्षाला काही मायक्रोगॅल. गढवालमध्ये घुत्तू इथे वाडिया संस्थेनं २००७ पासून असं यंत्र ठेवलं आहे, भूकंपाच्या अभ्यासासाठी. तिथेही आधी पावसाचं, मातीतलं पाणी वजा करावं लागतं, मगच खालचं काही बोलता येतं.

माझ्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक आकड्यासोबत यंत्राच्या शेवटच्या तपासणीची तारीख आणि तेव्हाचा गुणक छापावा. यंत्र बदलताना जुनं आणि नवं काही काळ शेजारी चालवावं. आणि मूळ वाचनं, खड्ड्यांसकट, जपावीत.

प्रश्न: सर, म्हंजे आमच्या बोअरला पाणी किती, हे सांगत नाही का ते यंत्र?

उत्तर: नाही, दादा. ते बोअरचं सांगत नाही. त्याला तुमची विहीर आणि एक दोर पुरे. भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांची पातळी वर्षातून काही वेळा घेतात. गावानं स्वतःची एक विहीर ठरवून, काठावर खूण करून, दर पंधरा दिवसांनी त्याच खुणेपासून पाणी किती खाली आहे ते लिहिलं, तर दहा वर्षांनी ती वही कुठल्याही उपग्रहाच्या आलेखाला प्रश्न विचारू शकेल. फक्त दोर ताणतो का, ते अधूनमधून टेपनं बघा. सुताचा दोर ओला झाला की बदलतो. तेही कॅलिब्रेशनच.

प्रश्न: किल्लारीच्या आधी गुरुत्व बदललं असेल का? आधी कळलं असतं का?

उत्तर: माझे नातेवाईक त्या भागात होते, त्यामुळे हा प्रश्न मला नुसता परीक्षेचा वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट इथल्या प्रत्येकाला आठवते. भूकंपानं गुरुत्व बदलतं, हे खरं. जपानमध्ये २००३ च्या मोठ्या भूकंपात अतिवाहक यंत्रांनी एका मायक्रोगॅलहून कमी बदल पकडला. पण तो भूकंप घडतानाचा बदल. आधीच्या इशाऱ्याबद्दल मी तुम्हाला आशा लावणार नाही. एवढंच सांगतो: ‘आधी’ काय होतं हे नंतर जाऊन मोजता येत नाही. आज ज्या जागी कुणाला काही विशेष वाटत नाही, तिथे तपासलेल्या यंत्रानं घेतलेलं आणि नीट लिहून ठेवलेलं वाचन, हाच उद्याचा ‘आधी’ असतो. ते काम कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही. पण उद्याच्या तुलनेला पाय टेकायला जागा तेवढीच असते.

थांबतो. बाजारात गेलात तर काट्यावरच्या शिक्क्याची तारीख बघा, आणि आलेख समोर आला तर त्याचीही विचारा.